टाकीवरचा दिवा कुठे टांगायचा: भाड्याच्या घरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत हे कुटुंब भाड्याने राहतं. निवृत्त काका, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्या दोहोंतच आहे.

माशांची आणि पाणवनस्पतींची टाकी काकांची. ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर १८२ लिटर पाणी मावतं. माती, दगड, काच आणि लोखंडी स्टँड धरला की सगळा ऐवज अडीचशे किलोंच्या आसपास जातो. स्टँड लोखंडी अँगलचा, ७५ सेंमी उंच. टाकीच्या मागे फिल्टरच्या नळ्या खाली उतरतात, म्हणून भिंत आणि काच यांत सहा सेंमीची फट ठेवलेली. ही फट पुढे फार कामाला आली.

आत मागच्या बाजूला रोटाला आणि लुडविगिया या पाणवनस्पती, पुढे हेअरग्रास हे बुटकं गवत, डाव्या कोपऱ्यात ब्राह्मी. म्हणजे जलब्राह्मी. ती पाणथळ जागची वनस्पती आहे. पाण्याखाली जगते, पण तिला खरं तर पाण्याबाहेर डोकं काढायचं असतं आणि फुलं ती बाहेर आल्यावरच नीट धरते. काकांना ती फुलं बघायची होती. माशांत डॅनिओ आणि तळाशी फिरणारे कोरीडोरास, शिवाय लाल चेरी श्रिम्पची, म्हणजे छोट्या कोळंबीची, बऱ्यापैकी वसाहत.

दिवा ९० सेंमीचा एलईडीचा, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाचा, वजन पावणेतीन किलो. २४ व्होल्टवर चालणारा, अ‍ॅडॉप्टर वेगळा. तो सोबत आलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पायांवर थेट काचेच्या कडेवर बसायचा, पाण्यापासून जेमतेम आठ सेंमी वर.

अडचण

पायांवरच्या दिव्याने तीन त्रास एकदम दिले. पहिला हाताचा. रोपं छाटायची, काच पुसायची, तर दरवेळी दिवा उचलून सोफ्यावर ठेवायचा. ओल्या हातांनी, वायरसकट. दुसरा रोपांचा. ब्राह्मीचे शेंडे दिव्याला टेकून करपायला लागले, आणि पृष्ठभागाशी प्रकाश इतका तीव्र की वरच्या काचेवर हिरव्या शेवाळाचे ठिपके हटेनात. तिसरा ओलाव्याचा. बुडबुड्यांचे शिंतोडे दिव्याच्या खालच्या बाजूला सुकून पांढरे डाग पडायचे आणि पायांच्या खाचेत पाणी साठायचं.

म्हणजे दिवा वर न्यायला हवा होता. तो न्यायचं ठरलं, आणि ज्याच्याकडे ड्रिल आहे अशा एका परिचिताने रविवारी दुपारी काम उरकून दिलं. फॉल्स सीलिंगमध्ये दोन स्क्रूचे हुक फिरवले, त्यांतून मासेमारीची जाड नायलॉन दोरी सोडली, दिवा टांगला. पाहायला सुंदर दिसत होतं. दोरी जवळजवळ अदृश्य, दिवा हवेत तरंगतोय असं वाटायचं.

पंखा लावला की दिवा झुलायचा. काही आठवड्यांत एक बाजू दुसरीपेक्षा खाली आली. काकांना वाटलं गाठ सरकली, म्हणून त्यांनी ती पुन्हा आवळली. पुढे एका संध्याकाळी नात अभ्यासाला बसलेली असताना डाव्या बाजूचा हुक पीओपीचा तुकडा घेऊन निघाला. दिव्याचं एक टोक टाकीच्या काचेच्या आडव्या पट्टीवर आपटलं, दुसरं टोक दोरीवर लोंबकळत राहिलं. पट्टीची कड उडाली. अ‍ॅडॉप्टर खाली स्टँडवर होता, त्यामुळे पाण्याशी आली ती फक्त २४ व्होल्टची बाजू. कोणाला काही झालं नाही. मला या घरी बोलावलं ते यानंतर.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात, कारण बहुतेक घरांत त्यांची गल्लत होते. नायलॉन तुटला नव्हता. पावणेतीन किलोंना तसली दोरी सहज पुरते. पण नायलॉन सततच्या भाराखाली हळूहळू ताणत जातो आणि दमट हवेत जास्तच. एक बाजू खाली येण्याचं एक कारण ते होतं. दुसरं, आणि जास्त गंभीर, कारण वरती होतं. हुक पीओपीतून कणाकणाने सरकत होता. फॉल्स सीलिंगचं पीओपी किंवा जिप्सम बोर्ड स्वतःचं वजन पेलण्यापुरतं असतं. त्याला मारलेला स्क्रू हातात घट्ट लागतो, पण तो धरतो ते सेंटिमीटरभर ठिसूळ थराला. दिवा एका बाजूला उतरला, तेव्हाच छत सांगत होतं की मी सोडतोय.

समोर असलेले पर्याय

मी कोणत्याही घरी आधी एकच प्रश्न विचारते: हा दिवा सुटला, तर कशावर पडेल? आणि लगेच दुसरा: पाय घसरला तर माणूस आधी काय पकडेल? टांगलेल्या दिव्यावरचा खरा भार दिव्याच्या वजनाचा नसतो, हाताचा असतो. स्टुलावर उभं राहून टाकीत वाकलेला माणूस तोल गेला की समोर दिसेल ते धरतो. त्यामुळे पर्याय तोलताना आम्ही पावणेतीन किलो धरलेच नाहीत. निदान वीस किलोंचा झटका धरला.

*स्लॅबला टांगणं.* काकांचा कल इकडे होता. पीओपीत भोक पाडून वरच्या काँक्रीटमध्ये लोखंडी अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) बसवायचे आणि त्यांतून स्टीलची वायर सोडायची. भाराच्या दृष्टीने हा पर्याय उत्तम. नीट बसवलेला ६ मिमीचा धातूचा फास्टनर असे कितीतरी दिवे पेलेल.

अडचण स्लॅबच्या पोटात होती. आपल्याकडच्या इमारतींत पंख्याच्या आणि दिव्यांच्या वायरी स्लॅब ओतण्याआधीच सळ्यांवर पाईप टाकून आत गाडलेल्या असतात. घरांचा स्लॅब साधारण पाच इंच जाड. खालून दीड-दोन सेंमी काँक्रीटचं आवरण, मग सळ्यांची जाळी, आणि तिच्या अंगावर हे प्लॅस्टिकचे पाईप. फास्टनरसाठी चार सेंमी खोल भोक पाडायचं म्हणजे ड्रिलचं टोक नेमकं त्या पाईपांच्या उंचीवर पोचतं. बोर्डापासून पंख्याच्या हुकापर्यंत सरळ रेघ काढली, तर ती या टाकीच्या जवळजवळ डोक्यावरून जात होती. वायर शोधायचे छोटे टेस्टर मिळतात, पण काँक्रीट आणि सळ्यांच्या आड गाडलेल्या वायरीसाठी मी त्यांच्यावर विसंबत नाही. मुख्य स्विच बंद करून भोक पाडलं तर माणूस वाचतो, वायर नाही.

लांबीचाही प्रश्न होता. स्लॅब जमिनीपासून २९० सेंमी, दिवा हवा होता दीडशेच्या आसपास. म्हणजे वायर जवळपास १४० सेंमी. इतक्या लांब लोलकाचा एक हेलकावा अडीच सेकंदांच्या आत-बाहेर चालतो, आणि चार-पाच फुटांवर फिरणारा पंखा त्याला सतत ढकलत राहतो. पाण्याच्या तळाशी सावल्या हलत राहतात, मासे बिचकतात. वर घर भाड्याचं. स्लॅबला भोक म्हणजे घरमालकाशी बोलणं, आणि वरच्या मजल्याचा तोच जमिनीचा स्लॅब असल्याने सोसायटीशीही.

*भिंतीला ब्रॅकेट.* हा पर्याय लोक उगाच घाबरून सोडतात, म्हणून त्याचं गणित मांडते. भिंतीपासून टाकीच्या मध्यापर्यंत अंतर २८.५ सेंमी: सहाची फट आणि टाकीची अर्धी रुंदी. दोन ब्रॅकेट, प्रत्येकावर सुमारे १.४ किलो. ब्रॅकेटचे वरचा आणि खालचा स्क्रू १५ सेंमी अंतरावर असले, तर वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारी ओढ १.४ गुणिले २८.५ भागिले १५, म्हणजे तीन किलोंहून कमी. हाताचा वीस किलोंचा झटका एकाच ब्रॅकेटवर आला तर ती चाळीसच्या घरात जाते. सुक्या, भरीव विटेत आठ मिमीचा प्लग आणि दोन इंची स्क्रू हे सहन करतो. उभं अंतर जितकं जास्त तितकी ओढ कमी, म्हणून ठेंगण्या ब्रॅकेटपेक्षा लांब पायाचा ब्रॅकेट घ्यावा.

पण ही भिंत सुकी नव्हती. पश्चिमेची, बाहेरची भिंत. पावसाळ्यात तिला ओल येते असं सूनबाईंनी सांगितलं. बोटांच्या पेरांनी ठोकत गेलो तर टाकीच्या मागचा बराच भाग पोकळ वाजत होता. प्लास्टर विटेपासून सुटलेलं. अशा जागी प्लग बसतो तो प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टरच भिंतीला धरून नसेल तर पुढचं गणित व्यर्थ. नव्या इमारतींत याच जागी हलक्या एएसी ब्लॉकची भिंत भेटते; तिला नेहमीचा प्लग चालत नाही, तिच्यासाठीचे वेगळे प्लग घ्यावे लागतात. भिंत ठोकून पाहिल्याशिवाय ब्रॅकेट विकत घेऊ नये, एवढं या घरापुरतं पुरेसं होतं.

*स्टँडलाच धरून चौकट.* टाकीमागून दोन उभे खांब, वरून आडवा दांडा, त्यातून पुढे आलेले दोन हात, आणि हातांना टांगलेला दिवा. मागून पाहिलं तर फुटबॉलच्या गोलपोस्टसारखा आकार. भोक कुठेच नाही, ना छताला ना भिंतीला. दिव्याचं वजन टाकीच्या बरोबर मध्यावर येतं, म्हणजे अडीचशे किलोंच्या ऐवजावर पावणेतीन किलो. उलटण्याचा प्रश्नच येत नाही. घर बदललं तर चौकट सोबत जाते.

उंच पाय लावणं किंवा टाकीवर लाकडी पूल ठेवणं हेही बोलण्यात आलं. कड उडालेल्या काचेवर पुन्हा भार द्यायला कोणीच तयार नव्हतं, त्यामुळे ते तिथेच संपलं.

निर्णयाच्या जागा

चौकट करायची हे ठरल्यावर खरे निर्णय सुरू झाले.

गोल पाईप की चौकोनी? कारागिराने आधी अर्धा इंची जीआय पाईप सुचवला. प्लंबरच्या बेंडरवर वाकवला की झालं, स्वस्तात मस्त. ताकदीला तो पुरेसा होता. पण गोल पाईप क्लॅम्पमध्ये कितीही आवळला तरी कधीतरी फिरतो, आणि फिरला की त्याचा हात टाकीवरून बाजूला जातो. एल्बो लावून जोडला तर आटे सैल पडतात आणि हात खाली झुकतो. दुसरं कारण श्रिम्पचं. जीआयवरचा थर जस्ताचा असतो, आणि वाकवलेल्या जागी तो सोलतो. टाकीच्या वर थंड धातूवर वाफ जमून थेंब पाण्यात पडणारच. माशांना बाधायला जेवढं जस्त किंवा तांबं लागतं, त्याहून कितीतरी थोडं श्रिम्प आणि गोगलगायींना बाधतं. म्हणून २५ बाय २५ मिमीचा १६ गेजचा चौकोनी लोखंडी पाईप घेतला, रेड ऑक्साइड मारून वर पावडर कोटिंग. तांब्याच्या तारा, पितळी हुक यांना तेव्हाच नकार दिला.

स्टँडला बोल्ट मारायचा की क्लॅम्प? सोपं होतं ते स्टँडच्या मागच्या पायांना भोकं पाडणं. पण भरलेल्या टाकीखालच्या अँगलला ड्रिल लावायचं म्हणजे कंप काचेपर्यंत जाणार, लोखंडाचा भुगा उडणार आणि भार घेणाऱ्या पायाचाच तुकडा कमी होणार. वेल्डिंगचा तर विचारही नको; ठिणगी आणि उष्णता काचेला आणि सिलिकॉनच्या जोडाला, दोघांनाही घातक. त्यामुळे प्रत्येक पायाला वर एक, खाली एक असे क्लॅम्प ठरले. दोन जाड लोखंडी पट्ट्या, मध्ये अँगल आणि चौकोनी पाईप, चार बोल्ट, आणि पट्टी सरकू नये म्हणून रबराचा तुकडा. दोन क्लॅम्पमध्ये चाळीस सेंमी अंतर ठेवलं. ते कमी असतं तर वरचं टोक जास्त डुललं असतं.

उंची किती? यावर घरात एकमत नव्हतं. काकांना ब्राह्मीसाठी दिवा शक्य तितका वर हवा होता. पण तळाच्या हेअरग्रासला प्रकाश हवाच. दिवा आठ सेंमीवरून पंचवीसवर नेला की तळापर्यंतचं अंतर ५३ वरून ७० सेंमी होतं. लांब पट्टीचा दिवा बिंदूसारखा वागत नाही, त्यामुळे प्रकाश अंतराच्या वर्गाने पुरता घटत नाही, नुसत्या अंतराने घटतो त्यापेक्षा मात्र जास्त. हिशोबाने तळाशी आधीच्या ५७ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान प्रकाश उरणार. पृष्ठभागाशी मात्र तो एक तृतीयांशाच्याही खाली येऊ शकतो. म्हणजे दिवा वर नेल्याने वर खूप आणि खाली थोडा, असा असमान फरक पडतो. काकांना नेमकं हेच हवं होतं. मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने आधीचं आणि नंतरचं मोजमाप घेतलं. आकडा खरा नसला तरी त्याच मोबाइलवर, त्याच जागी घेतलेली तुलना उपयोगी पडते.

उंची बदलता यावी, हा हट्ट सूनबाईंचा होता आणि तो अगदी बरोबर होता. त्यामुळे दिवा चौकटीला घट्ट न बसवता दीड मिमीच्या स्टेनलेस स्टील वायरवर टांगला, आणि वायरला दाबून मोकळे होणारे ग्रिपर लावले. साखळी आणि एस हुक स्वस्त पडले असते. पण एस हुक उघडा असतो. दिवा जरा वर उचलला की तो सटकतो, आणि टाकी साफ करताना दिवा उचललाच जातो. दीड मिमीची वायर शंभर किलोंच्या वर भार घेते. तिची चिंता नसते. तुटण्याची जागा नेहमी हुकाची, गाठीची किंवा अँकरची असते.

काम कसं झालं

चौकट कारागिराच्या दुकानातच तयार झाली. वजन सहा किलोंच्या आसपास, खर्च रंगासकट तीन हजारांच्या आत. घरी आणल्यावर ती आधी टाकीवर चढवली नाही. गॅलरीत एका लोखंडी टेबलाच्या पायांना क्लॅम्पने बांधली आणि हातांना पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन टांगून रात्रभर ठेवली. दहा किलो, म्हणजे दिव्याच्या साडेतीन पटींहून जास्त. सकाळी खालच्या फरशीपासून माप घेतलं, हात झुकलेले नव्हते. ही चाचणी कोणालाही करता येते आणि तिला खर्च नाही. काकांचा मुलगा आधी म्हणाला होता की एवढं कशाला, पण कॅन टांगलेले बघून त्यानेच हाताने खाली ओढून पाहिलं.

टाकीवर बसवताना पाणी वीस सेंमी खाली घेतलं आणि वर जाड प्लायवूड आडवं ठेवलं. बोल्ट किंवा पाना हातातून सुटला तर तो काचेवर पडू नये म्हणून. क्लॅम्प दोघांनी मिळून बसवले. मग वायर.

दिवा दोन बिंदूंवर सरळ टांगला तर तो पुढे-मागे कलंडतो. म्हणून दोन्ही टोकांना वायर वरून एक आणि खाली दोन, अशी उलट्या व्हीच्या आकारात सोडली. वायर आखूड, वीस-पंचवीस सेंमीची. पंख्याच्या वाऱ्याने तिला हलायला फारसा वाव उरला नाही. शिवाय एक वेगळी सुरक्षा वायर थेट दिव्याच्या अंगापासून आडव्या दांड्यापर्यंत, थोडी सैल. ग्रिपर निकामी झाला तरी दिवा पाण्यापर्यंत पोचू नये इतकीच तिची लांबी.

विजेचं काम थोडक्यात, पण हे टाळता येत नाही. अ‍ॅडॉप्टर स्टँडच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीकडे सरकवला. दिव्याची वायर चौकटीवरून खाली आणताना सॉकेटच्या खालून एक झोळ देऊन मग वर नेली. पाणी वायरवरून घरंगळलं तर ते झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नव्हता, तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. दिवा २४ व्होल्टचा असला तरी फिल्टर आणि हीटर थेट २३० व्होल्टवर चालतात आणि त्यांचा पाण्याशी संबंध येतोच. ज्यांचा दिवा थेट २३० व्होल्टवर चालतो त्यांनी तीन पिनची वायर आणि लोखंडी चौकटीचं अर्थिंग यांत तडजोड करू नये.

काय झालं

हात लगेच मोकळे झाले. काका आता दिवा न हलवता छाटणी करतात. वरच्या काचेवरचं ठिपक्यांचं शेवाळ हळूहळू कमी झालं. ब्राह्मी पाण्याबाहेर आली आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला फिकट जांभळट पांढरी फुलं धरली. नातीने ती वहीत चिकटवली.

नवे प्रश्नही आले. पहिल्याच संध्याकाळी सोफ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांत एलईडी थेट शिरायला लागले. टाकी १२० सेंमी उंच, दिवा १४५ वर, आणि बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या खाली. पायांवर असताना काचेची कड आणि पाणी आड येत होतं. कारागिराकडून अ‍ॅल्युमिनियमची चार सेंमीची एल पट्टी आणून दिव्याच्या पुढच्या कडेला लावली, आतून पांढरी, बाहेरून काळी. दिवा टांगणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न येतो आणि विकत घेताना तो कोणाच्याच लक्षात नसतो, म्हणून मी पट्टी आता आधीच सुचवते.

हेअरग्रास विरळ होऊन उंच वाढायला लागलं. हिशोबातला तळाचा प्रकाश कागदावर पुरेसा वाटत होता, गवताला तो पुरला नाही. दिवा वीस सेंमीवर खाली घेतला. ग्रिपर असल्याने काम दोन मिनिटांचं झालं. त्या उंचीवर ब्राह्मीचे शेंडे अधूनमधून छाटावे लागतात, आणि काकांनी ते मान्य केलं.

एक डॅनिओ जमिनीवर मेलेला सापडला. आधी दिवा जवळजवळ झाकणाचं काम करत होता, ते कोणी मोजलंच नव्हतं. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला बारीक जाळीची पट्टी बसवली, पाण्याची पातळी पाच सेंमी खाली ठेवली. पुढची बाजू ब्राह्मीसाठी उघडी राहिली. जाळीचा आणखी एक उपयोग म्हणजे पाल. उघडी टाकी आणि वर दिवा म्हटलं की पाल तिथे किड्यांसाठी येते आणि कधीकधी पाण्यात पडते.

पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दिव्यावर आले. माशांनी हवे तितके खाल्ले, उरलेले फिल्टरच्या तोंडाशी अडकले आणि पाणी गढूळ झालं. त्यानंतर टायमर बदलला. एरवी दिवा दुपारी एक ते रात्री नऊ. त्या काही दिवसांत तो सूर्यास्तालाच बंद.

उन्हाळ्याचा एक फायदा मात्र कोणी अपेक्षिला नव्हता. पाण्याचा पृष्ठभाग मोकळा झाल्याने चौकटीच्या हाताला छोटा पंखा अडकवता आला. एप्रिलमध्ये त्याच्या वाऱ्याने पाणी दोनेक अंशांनी थंड राहतं. बाष्पीभवन वाढतं, रोज पाणी घालावं लागतं, पण बर्फाच्या पिशव्या टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काय वेगळं करता आलं असतं

दिवा वर नेला त्याच आठवड्यात काकांनी प्रकाशाचे तास दहावरून आठवर आणले. त्यामुळे शेवाळ कशाने कमी झालं, उंचीने की तासांनी, हे आता सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून तीन-चार आठवडे थांबलं असतं, तर हेअरग्राससाठी दिवा किती खाली घ्यायचा हेही जास्त नेमकं कळलं असतं.

चौकटीच्या पाईपांची उघडी टोकं बंद केली नव्हती. वाफ आत शिरून तिथून गंजाचा तांबूस ओघळ उतरला. लोखंडाने श्रिम्पना अपाय झाला नाही, पण कोटिंगच्या आत गंज सुरू झाला तर चौकट आतून पोखरत जाते. चौकोनी पाईपला दाबून बसणारी प्लॅस्टिकची टोपणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ती कोटिंग होताच लावायला हवी होती.

घरमालकांशी बोलणं पीओपीला पहिला हुक मारण्याआधी व्हायला हवं होतं. ते झालं ते छताला खड्डा पडल्यावर, आणि दुरुस्तीचे पैसे अनामत रकमेतून कापायचे की नाही यावर दोन्हीकडे कटुता आली. चौकट दाखवायला त्यांना घरी बोलावलं तेव्हा ते स्वतः म्हणाले, "हे आधी दाखवलं असतंत तर मी भिंतीचं प्लास्टरच करून दिलं असतं." तसं झालं असतं, तर कदाचित ब्रॅकेटचा पर्याय पुन्हा उघडला असता आणि तो निम्म्या खर्चात झाला असता.

चौकट एकसंध वेल्ड केली हा सगळ्यात मोठा राहून गेलेला मुद्दा. जवळपास मीटरभर रुंद, उंच आणि पुढे हात आलेली चौकट जिन्याच्या वळणावर अडते. आणताना ती दुसऱ्या मजल्यापर्यंत तिरकी करून कशीबशी आली. हात वेगळे ठेवून, आत सरकणारा थोडा लहान चौकोनी पाईप आणि आरपार बोल्ट असा जोड केला असता, तर ती सुटी करून नेता आली असती. भाडेकरार संपायला काही महिने आहेत. काकांनी कारागिराशी बोलून ठेवलं आहे: सामान बांधायच्या आदल्या आठवड्यात हात कापून तसे जोड बसवायचे, आणि कापलेल्या जागी पुन्हा रेड ऑक्साइड आणि रंग. तोपर्यंत दर महिन्याला पाणी बदलायच्या दिवशी मुलगा चारही क्लॅम्पचे बोल्ट पान्याने तपासतो, आणि नात ग्रिपरच्या खाली वायरवर मारलेली मार्करची खूण सरकली आहे का ते बघते.